पुनर्प्राप्ती, भरून येणे आणि परत येणे

झेब्राफिश या छोट्या माशाच्या मेरुरज्जूवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या मैत्रिणीने विचारलं आहे: 'बिहेवियरल रिकव्हरी'साठी, म्हणजे इजेनंतर प्राण्याच्या हालचाली-वागणं परत येण्यासाठी, मी 'वर्तनाची पुनर्प्राप्ती' लिहिलंय, ते चालेल का?

आधी लेखनाचं बघू. 'पुनर्वसन', 'पुनर्जनन' यांत र् बरोबर आहे, कारण पुढे व आणि ज ही मृदू व्यंजनं आहेत. प कठोर आहे, म्हणून तिथे विसर्ग राहतो आणि 'पुनःप्राप्ती' होतं. वर्तमानपत्रांतून 'पुनर्प्राप्ती' सर्रास दिसतं, तरी लिहिताना 'पुनःप्राप्ती'च लिहावं.

पण माझा खरा आक्षेप अर्थाला आहे. प्राप्ती होते ती वस्तूची, पैशाची, पदाची. पोहणं ही काही हरवून सापडलेली वस्तू नाही. 'वागणूक सुधारली' तर मुळीच नको, त्यात चांगल्या-वाईटाचा वास येतो.

माझ्या आजीचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढल्यावर कुणी विचारलं की ती म्हणायची, "हाड धरलंय, पण भाकरीला हात वळत नाही अजून." परातीपुढे बसून ती पीठ मळायची, गोळा करायची, आणि थापायची वेळ आली की मनगट अडायचं. या एका वाक्यात दोन वेगळी क्रियापदं आहेत: हाडाचं 'धरणं' आणि हाताचं 'वळणं'. तुला हवा तो भेद इथेच आहे. जखम भरून येते, हाड सांधतं, खेकड्याची तुटलेली नांगी पुन्हा फुटते. ही सगळी शरीराच्या घडणीची क्रियापदं. वाचा परत येते, वास परत येतो, माणूस पाय टाकू लागतो, ही क्षमतेची. मराठीने हे दोन खण वेगळे ठेवलेत, आणि 'पुनःप्राप्ती' म्हटलं की ते एक होऊन जातात.

प्राण्यांतही हे दोन खण वेगळे आहेत, म्हणून हा भेद सोडू नये असं मला मनापासून वाटतं. प्लॅनेरिया हा चपटा कृमी घे. त्याचं डोकं कापलं तर नवं डोकं फुटतं, हे आपण शाळेत 'पुनर्जनन' या शब्दाखाली शिकलो. हा कृमी उजेड टाळतो. जपानमधल्या संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की चौथ्या दिवसापर्यंत डोळे आणि मेंदू आकाराला आलेले दिसतात, पण उजेडापासून दूर जाणं पाचव्या दिवसापासून हळूहळू परत येतं. म्हणजे अवयव फुटला तेव्हा वर्तन अजून यायचं होतं.

याहून बोलकं उदाहरण अमेरिकी मेंदूसंशोधक रॉजर स्पेरी यांच्या बेडकांचं. 1940च्या दशकात त्यांनी बेडकाच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता कापली आणि डोळा खोबणीतच 180 अंशांनी फिरवला. बेडकात ही चेता पुन्हा वाढते, तशी ती वाढली. बेडूक पाहू लागला, भक्ष्यावर झेपही घेऊ लागला. पण माशी वर धरली की तो खाली झेपावे आणि खाली धरली की वर. कितीही वेळा चुकलं तरी ते सुधारलं नाही. वाढलेले चेतातंतू मेंदूतल्या आपापल्या जुन्या जागीच जाऊन जुळले होते, आणि डोळा मात्र उलटा होता. आता या बेडकाबद्दल मराठीत काय म्हणशील? चेता भरून आली, खरं. दृष्टी परत आली, तेही खरं. पण 'दृष्टी पूर्ववत झाली' म्हटलंस तर ते खोटं ठरेल.

म्हणून 'पूर्ववत होणे' आणि 'पूर्वपदावर येणे' जपून वापर. पुरानंतर जनजीवन पूर्वपदावर येतं म्हणतो, तेव्हा सगळं पहिल्यासारखं झालं हा दावा त्यात असतो. तुझ्या झेब्राफिशचा मेरुरज्जू कापला तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहू लागतो. आधी आधारपेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) जखमेवर पूल बांधतात आणि चेतातंतू पलीकडे जातात. पण तुटलेले सगळेच तंतू परत जोडले जात नाहीत. पोहणं परत आलं म्हणजे आतली घडण जशीच्या तशी झाली, असं नाही.

शीर्षकाला नामच लागणार असेल तर 'वर्तनाचं पुनरागमन' मला चालेल. 'आगमन' हे 'येण्या'चंच नाम आहे, त्यामुळे मराठी वळण सुटत नाही. मजकुरात मात्र क्रियापदच ठेव आणि प्रत्येक वेळी नेमकं काय परत आलं ते सांग. 'वर्तनाची पुनर्प्राप्ती झाली' अशा वाक्याऐवजी मी असं लिहीन: 'मेरुरज्जूची जखम भरून येऊ लागली, तसतसं माशाचं पोहणं परत आलं, आधी तो शेपटी हलवू लागला, मग प्रवाहाविरुद्ध तग धरू लागला.' दुसरा अर्धा भाग तुझ्या लेखात जे मोजलं असेल त्याप्रमाणे बदल.