टाचेमागची गाठ

प्रश्न : वय ३६, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर. वजन ६४ किलो, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी. तरी एलडीएल (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल) २६८ आलं. वडील ४४व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. घरचे म्हणाले, पांढरा रस्सा सोड. सहा महिने सोडला, आकडा २५१. मग गोळी घेतली, १३० झाला, म्हणून बंद केली. दोन्ही टाचांच्या मागं गाठी आहेत, त्या कोल्हापुरी घासून आल्या असाव्यात. मेहुण्याचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १,१०० आहेत, तेही हेच का? मला नऊ वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : कोल्हापुरीला मागं पट्टा असतो का हो? मग ती तिथं घासेल कशी? टाचेवरची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) चिमटीत धरून बघा. एरवी ती सपाट, गुळगुळीत लागते. तुमची जाड आणि खडबडीत लागेल. तिथं कोलेस्टेरॉल साठलंय. अशा गाठी, १९०च्या वर एलडीएल आणि वडिलांचं तसं अकाली जाणं, हे सगळं आनुवंशिक दोषाकडं बोट दाखवतं. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो. रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायची यकृताची ताकद जन्मतःच कमी.

रश्श्याचा वाटा किती, ते तुम्हीच मोजलंत : २६८चे २५१. (म्हणून उद्या वाटीवर वाटी ओढू नका. नारळाचं दूध आणि मटणाची चरबी त्यात असतेच.)

गोळी बंद करणं मात्र चुकलं. १३० हा गोळीचा आकडा होता, तुमचा नव्हे. थोड्या आठवड्यांत तो परत वर जातो. शिवाय तुमच्यासाठी १३०सुद्धा जास्तच. शंभराच्या खाली, जमलं तर सत्तरच्या खाली आणायचंय. त्यासाठी स्टॅटिनला (कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी) इझेटिमाइब या दुसऱ्या गोळीची जोड लागू शकते. पाय दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. हृदयरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखवा.

मेहुण्यांचं प्रकरण वेगळं. तिथं बहुधा साखर, दारू, मधुमेह यांचा हात असतो, कधी आनुवंशिक कलही. एवढ्या आकड्याला स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तेव्हा त्यांना याच आठवड्यात दाखवा. दारू आजपासून बंद.

मुलीचं रक्त आत्ताच तपासा. तिच्यात दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि गरज पडली तर वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून औषध देता येतं. सख्ख्या भावंडांनाही कळवा, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीलासुद्धा. तिला मूल हवं असेल तर स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी आधी बोलायला सांगा. दिवस गेल्यावर नव्हे.