अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका रॉबिन रॉबर्ट्स यांना प्रेक्षक एवढं का मानतात?

मूळच्या त्या बास्केटबॉलपटू. १९९० मध्ये ईएसपीएनवर क्रीडा निवेदिका झाल्या आणि २००५ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या सकाळच्या कार्यक्रमाच्या सहनिवेदिका. त्याच वर्षी कॅटरिना वादळाने मिसिसिपी राज्यातला त्यांच्या घरचा किनारा उद्ध्वस्त केला. तिथून थेट प्रक्षेपणात घरच्यांचा विषय निघाला आणि त्यांना रडू आवरेना. मला त्या तेव्हाच आपल्या वाटल्या.

२००७ मध्ये स्तनाचा कर्करोग, २०१२ मध्ये एमडीएस हा अस्थिमज्जेचा आजार. मज्जा दिली थोरल्या बहिणीने, सॅली-ॲनने. तीही तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या वाहिनीवर सकाळच्याच बातम्यांची निवेदिका! २० फेब्रुवारी २०१३ ला रॉबिन पुन्हा पडद्यावर दिसल्या. दुखणं लपवलं नाही, उलट मज्जादानासाठी नाव नोंदवा म्हणून लोकांना कळकळीने सांगितलं.