विहीर माझ्या शेतात, मग पाण्यावर गावाचं बंधन का?

कारण विहीर तुमची असली तरी पाणी तुमच्या बांधापाशी थांबत नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांमधून ते शेजाऱ्याच्या शेतातही जातं. रस्त्यावरच्या दिव्याचं तसं नाही. तुम्ही त्याच्या उजेडात चाललात म्हणून माझा उजेड कमी होत नाही. भूजलाचं मात्र तुम्ही उपसलं की माझं घटतं, आणि एकमेकांना अडवणंही अवघड. मग प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आधी खोल बोअर मारतो. त्यात कुणी दुष्ट नसतो, एकट्यापुरता तो हिशेब बरोबरच असतो. पण एकूण गाव कोरडं पडतं.

यावर सरकारी बंदी किंवा खाजगी मालकी एवढेच उपाय नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच मुद्द्यावरच्या कामासाठी: लोक स्वतः नियम करून सामाईक साधन टिकवू शकतात.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात सुरू केलेली पाणी पंचायत बघा. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटलं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला बंदी. हिवरे बाजार या गावानेही शेतीसाठी बोअर बंद केले आणि पाऊस बघून पिकं ठरवली.

हे सगळीकडे का जमत नाही? मला विचाराल तर मोठ्या बागायतदाराला नियम लावायची हिंमत फार थोड्या ग्रामसभांत असते.