मॅचच्या दिवशी निघणारा ग्लास

आयपीएलच्या मोसमात एक आई सातवीतल्या मुलाला घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा रोज पहाटे क्रिकेटच्या सरावाला जाणारा, अभ्यासात बरा. मात्र आदल्या रविवारी मित्रांबरोबर मॅच पाहताना त्याने वडिलांच्या काचेच्या ग्लासात थंड पेय ओतले, बर्फ टाकला आणि विकेट पडताच ग्लास उंचावून "चिअर्स" म्हटले. "मॅडम, मॅचमध्ये लागणाऱ्या दारूच्या नावांच्या या जाहिराती बघून हा उद्या प्यायला लागेल का? टीव्हीच बंद करून टाकू का?" असे त्यांनी विचारले. मोसमात हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो.

मुलाशी एकट्याने बोलताना मी त्याला विचारले, की ती जाहिरात कशाची असते. "सोड्याची," तो लगेच म्हणाला. मग तो सोडा घराजवळच्या दुकानांत मिळतो का, हे पाहून यायला मी त्याला सांगितले. पुढच्या आठवड्यात तो वहीत चार दुकाने लिहून आला. तीन ठिकाणी दुसऱ्याच सोड्याची बाटली पुढे केली गेली होती, आणि चौथा दुकानदार हसून म्हणाला होता, "अरे, ते नाव वाइन शॉपमध्ये बघ." मुलगा चिडला होता. "मग खोटं कशाला सांगतात?" दारूचे दुष्परिणाम सांगणाऱ्या व्याख्यानाने हा राग येत नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटला.

आपल्याकडे टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी असल्यामुळे तेच नाव आणि तीच रंगसंगती सोडा, पाणी किंवा म्युझिक सीडीच्या आडून दाखवली जाते. अशा आडवाटेच्या जाहिरातींनाही २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तरी २००८ साली आयपीएलमध्ये उतरलेल्या बंगळूरच्या संघाचे नावच एका व्हिस्कीच्या नावावरून आलेले आहे, तेव्हा मुलाने कुठे कुठे डोळे मिटायचे? अशा जाहिरातींना खेळात जागा नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक सिगारेटच्या नावाने खेळला गेला होता, आज ते कुणाला खपणार नाही. म्हणजे अशा जाहिराती गेल्या तर पैशांवाचून खेळ बंद पडेल, ही भीती सिगारेटच्या बाबतीतही फोल ठरली.

परंतु जाहिरात पाहून मूल थेट बाटलीकडे वळते, असे मी कोणत्याही आईला सांगत नाही. जिंकण्याचा आनंद आणि हातातला ग्लास यांची जोडी मुलाच्या मनात हळूहळू पक्की होत जाते, आणि पिझ्झा-बर्गरचेही तसेच होते. मॅच म्हटली की ऑर्डर आलीच पाहिजे, असे या घरातही ठरून गेले होते. बोलता बोलता मुलगा सहज म्हणाला, "बाबांचा तो ग्लास मॅचच्या दिवशीच निघतो."

तेव्हा मी वडिलांना बोलावले. "मी महिन्यातून दोनदाच घेतो," असे ते जरा दुखावल्या स्वरातच म्हणाले. मी वाद घातला नाही. ते सचिनचे भक्त होते, आणि वडिलांना दिलेल्या शब्दाखातर दारू-तंबाखूच्या जाहिराती सचिनने कधी केल्या नाहीत, हे त्यांनीच मला मोठ्या अभिमानाने सांगितले. सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

टीव्ही बंद करायचा नाही, असे तिघांनी मिळून ठरवले. मॅच चालू असताना ग्लास काढायचा नाही, खायला घरची भेळ करायची आणि जाहिरात लागली की ती खरोखर काय विकते आहे हे मुलाने ओळखायचे. महिन्याभराने आईंचा फोन आला. मुलगा आता प्रत्येक जाहिरातीला "बाबा, हे दुकानात मिळत नाही" असे ओरडतो आणि वडील वैतागतात. ग्लास अजूनही कधीकधी निघतो, पण मुलगा झोपल्यावर. भेळ मात्र पहिल्या दोन मॅचपुरतीच टिकली होती.