बोर्ड बदलू नका, आधी कार्डाचं नाव बघा

प्रश्न : ताई, आमच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात एका डेस्कटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स आहे आणि त्यावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं. देवघेवीच्या काउंटरवरची मशीनं त्यालाच जोडलेली आहेत. डिस्क भरत आली म्हणून एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क) बसवून घेतली, तेव्हापासून नेटवर्क बंद. मशीन सुरू होताना लाल अक्षरांत ‘फेल्ड’ येतं आणि लॉगमध्ये ‘कॅनॉट फाइंड डिव्हाइस ईएनपी३एस०’ अशी ओळ दिसते. दुकानवाला म्हणतो, लॅन कार्ड मदरबोर्डवरच असतं, ते गेलं, बोर्ड बदला. सेटिंगच्या फाइलला कुणी हातही लावलेला नाही. लिनक्स पुन्हा टाकावं का?
— ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार. बोर्ड घेऊ नका आणि लिनक्सही पुन्हा टाकू नका. फाइलला कुणी हात लावला नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. फाइल होती तशीच राहिली आणि तिच्याखालचं हार्डवेअर हललं. अडचण नेमकी तिथेच दिसते.

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या (छोट्या रोमन अक्षरांतच). लांबलचक यादी येईल. त्यात ‘इथरनेट कंट्रोलर’ शोधा. साध्या डेस्कटॉप बोर्डांवर बहुधा रियलटेकची चिप असते, तिच्यापुढे चौकटी कंसात १०ईसी:८१६८ असा क्रमांक दिसेल. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज : आर८१६९’ अशी ओळ आहे का बघा. ती ओळ असेल तर कार्ड जिवंत आहे आणि ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने) ते ताब्यात घेतलंय. मग बोर्ड बदलायचा प्रश्नच उरत नाही.

आता त्याच ओळीच्या सुरुवातीचा आकडा वाचा. माझा अंदाज आहे की तिथे ०४:००.० असेल. एसएसडी बसवण्याआधी तो ०३:००.० होता. ‘आयपी -बीआर लिंक’ केलंत की कार्डाचं आजचं नाव कळेल, ईएनपी४एस०. तुमची फाइल मात्र अजून ईएनपी३एस० ला हाका मारतेय, आणि त्या नावाचं आता कुणीच नाही.

असं का होतं? मशीन सुरू होताना पीसीआयच्या (बोर्डाला कार्डं जोडणाऱ्या मार्गांच्या) फांद्या एकामागून एक तपासल्या जातात आणि सापडेल त्या क्रमाने त्यांना नंबर मिळतात. एम.२ ची जागा (एसएसडीची बोर्डावरची खोबण) रिकामी होती तोवर ती मोजदादीत नव्हती. तिथे एसएसडी आली, तिने नंबर घेतला आणि मागची मंडळी एकेक घर पुढे सरकली. नावातला ‘पी’ म्हणजे बस आणि ‘एस’ म्हणजे स्लॉट, त्यामुळे बसचा नंबर बदलला की नावही बदलतं. २०१३ च्या जानेवारीत सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) १९७ व्या आवृत्तीपासून ही पद्धत आली. त्याआधी ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं होती आणि दोन कार्डांच्या मशीनमध्ये रीस्टार्टनंतर त्यांची अदलाबदल होऊ शकायची. त्या मानाने आताची पद्धत चांगलीच आहे. पण जिथे अधूनमधून डिस्क नाहीतर एखादं कार्ड वाढतं, अशा मशीनवर जागेवरून पडलेल्या नावाच्या भरवशावर राहू नये, असं माझं ठाम मत आहे. मी ज्या संस्थांची मशीनं सांभाळते, तिथे नाव मॅक अॅड्रेसला, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या कायमच्या क्रमांकाला बांधते.

आज काउंटर सुरू व्हावा म्हणून ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलची आधी एक प्रत काढून ठेवा. मग ‘ऑटो’ आणि ‘आयफेस’ या दोन्ही ओळींत नवं नाव घाला. एकच ओळ बदलून लोक थांबतात आणि पुन्हा तीच चूक दिसते. त्यानंतर ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्किंग’.

कायमच्या बंदोबस्तासाठी ‘/ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क’ मध्ये ‘१०-लॅन०.लिंक’ नावाची फाइल करा. ‘मॅच’ या भागात ‘पर्मनंटमॅकअॅड्रेस’ पुढे कार्डाचा मॅक, ‘लिंक’ या भागात ‘नेम’ पुढे लॅन०. नाव ईटीएच० ठेवू नका, ती नावं कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः वाटतो आणि टक्कर होते. इंटरफेसेसच्या फाइलमध्येही आता लॅन० लिहा, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. यापुढे एसएसडी घाला नाहीतर ग्राफिक्स कार्ड, नाव हलणार नाही.

यादीत कार्ड दिसलंच नाही, किंवा ओळीच्या शेवटी ‘रेव्ह एफएफ’ असं आलं, तर गोष्ट वेगळी. समोरून कुणी उत्तर देत नाही तेव्हा सगळे बिट १ वाचले जातात, त्याचंच हे एफएफ. म्हणजे कर्नलला तिथे कार्ड असल्याचं माहीत आहे, पण ते झोपेतून उठत नाहीये. मशीन बंद केल्यावरही लॅनच्या खोबणीतला दिवा पुष्कळदा चालू राहतो, तो पाहिला असेल. कार्डाला स्टँडबायचा वीजपुरवठा मिळत असतो, म्हणून नुसतं रीस्टार्ट करून ते पुरतं बंद होत नाही. भिंतीतली पिन काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, दिवा विझल्याची खात्री करा आणि मग सुरू करा. तरीही नाही दिसलं, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ‘ऑनबोर्ड लॅन’ चालू आहे का ते पाहा. एवढं सगळं करून झाल्यावर मगच बोर्डाबद्दल बोलावं. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला एक आज्ञासुद्धा न चालवता ‘बोर्ड बदला’ सांगितलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

कार्ड दिसतंय पण ड्रायव्हरची ओळ नाही, असं बहुतेक वेळा नव्या बोर्डांवर होतं. लॉगमध्ये ‘अननोन चिप एक्सआयडी’ आलं तर चिप कर्नलपेक्षा नवी आहे, बॅकपोर्टमधला (डेबियनच्या नव्या आवृत्त्यांच्या जादा साठ्यातला) नवा कर्नल टाका.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समध्ये वायफाय कधी दिसतं, कधी गायबच असतं. विंडोज वापरून बंद केल्यावर जास्त होतं.
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : शेवटचं वाक्य तू लिहिलंस म्हणून काम सोपं झालं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावरही ते पुरतं बंद होत नाही, आणि वायफाय कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येऊ शकतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढ. मग लिनक्समध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ कर. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ दिसलं तर कीबोर्डवरचं वायफायचं बटण किंवा बाजूचा स्विच बंद आहे. तरीही कार्ड गायब झालं, तर त्याच वेळी ‘जर्नलसीटीएल -बी -के’ मधल्या वायफायच्या ओळी आणि एलएसपीसीआयची यादी जपून ठेव. रीस्टार्ट केल्यानंतरच्या ओळी पाठवून उपयोग नाही, बिघाड असतानाच्या हव्यात.