हजार चंद्र मोजले कुणी?

प्रिय मनू,

अल्बममधला फोटो बघून तू विचारलंस, "पणजोबा पाटावर बसलेत, समोर एवढे दिवे, मग केक कुठाय? आणि हजार चंद्र बघितले म्हणजे काय, मोजले कुणी?" तुझे बाबा म्हणाले, "अगं, तशी पद्धत असते." हे उत्तर मला लहानपणी कधी पुरलं नाही, तुलाही पुरायचं नाही. म्हणून लिहितेय. तेवढंच तुझं मराठी वाचन.

केकचं आधी उरकते. आपल्याकडे वाढदिवसाला दिवा लावून ओवाळतात, फुंकर मारून विझवत नाहीत. बस.

फोटोतला समारंभ म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात. वर्षात बारा पौर्णिमा होऊन वर अकराएक दिवस उरतात, ते साठत साठत पावणेतीन वर्षांत एक अधिक महिना होतो. असं सगळं धरलं की माणूस एक्याऐंशीला टेकतो तेव्हा त्याच्या हजार पौर्णिमा भरतात. आषाढ-श्रावणात ढगांमुळे न दिसलेलेही यात धरायचे. तू होतीस ना त्या रात्री, मग दिसला!

आता तुझे पणजोबा, म्हणजे माझे नाना. ते मेकॅनिकल इंजिनिअर, वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ही संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे ८० वर्षं ८ महिने पूर्ण होतात ती तारीख काढली. नानांनी पंचांगाच्या पाठीवर पेन्सिलीने गणित मांडलं. "गुरुजी, २९.५३ ने भागून बघा. तुमच्या तारखेला हजार भरत नाहीत, ९९७ च होतात. बाकीचे कुठून आणू?" गुरुजी हसले, पण मुकाट दोन महिने थांबले. हॉलचं बुकिंग बदलावं लागलं म्हणून आजी मात्र दोन दिवस नानांशी बोलली नाही.

दिवे कणकेचे होते, एक्याऐंशी. कणीक घट्ट भिजवायची, हळद घालायची, अंगठ्याने खळगा करून तुपाची वात ठेवायची. दांडिया बाजारातल्या घरी आत्या आणि काकू पहाटेपासून बसल्या होत्या. परात इतकी जड झाली की उचलायला तिघी लागल्या, आणि पाटावरचा उत्सवमूर्ती तिथूनच सूचना देत होता, "मधले आधी पेटवा, कडेचे नंतर, नाहीतर हात भाजेल." ऐकलं कुणी नाही. हात भाजला तो माझा.

ओवाळून झाल्यावर कुणीतरी हौसेने विचारलं, "नाना, हजारातला कुठला चंद्र लक्षात राहिला?" आम्हाला वाटलं कोजागिरी सांगतील, नाहीतर लग्नानंतरची एखादी पौर्णिमा. नाना म्हणाले, "१० सप्टेंबर १९६५. नालायक चंद्र होता."

१९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला घाईने अधिकारी हवे होते, त्यात नाना इमर्जन्सी कमिशन घेऊन ईएमईत गेले. ईएमई म्हणजे सैन्याची यंत्रं दुरुस्त करणारी आणि बंद पडलेले रणगाडे ओढून आणणारी शाखा. १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला तीन दिवस रणगाड्यांची मोठी लढाई झाली. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं, त्यात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसात रुतून बसले. ते धूड पंचेचाळीस टनांचं. १० तारखेला लढाईचा निकाल लागला आणि नानांच्या टोळीचं काम सुरू झालं. रात्रीच करायचं, बत्ती न लावता. चिखलात चाचपडत वायर रोप अडकवायचा, पिन बसली की नाही ते बोटांनी बघायचं.

आणि वर भाद्रपदातली पौर्णिमा! लख्ख चांदणं. ज्यांना दिसू नये त्यांनाही सगळं दिसत होतं.

त्या रात्री टोळीतला एक क्राफ्ट्समन, म्हणजे दुरुस्तीचं काम करणारा जवान, परत आला नाही. चोवीस वर्षांचा होता. समारंभाच्या दिवशी नाना एवढंच म्हणाले, "त्याचे तीनशेसुद्धा झाले नव्हते." मग त्यांनी आजीकडे श्रीखंडाची वाटी मागितली. हा आकडा त्यांनी तिथल्या तिथे काढलेला नव्हता, एवढं मला कळलं. तारखेवरून गुरुजींशी घातलेला वादही मग मला हट्ट वाटेना.

पुढे १९७१ चं युद्ध झालं, त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मग वडोदऱ्यातच ईएमई स्कूलला बदली, आणि निवृत्तीनंतर तिथल्याच मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी. नाना देवळात जात नाहीत, अपवाद ईएमईच्या आवारातल्या दक्षिणामूर्ती मंदिराचा. १९६६ मध्ये सैन्याने बांधलेलं ते देऊळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलंय. नाना आधी सांधे बघतात, मग नमस्कार करतात.

पेन्सिलीची मोजणी अजून चालू आहे. आकडा मी सांगणार नाही, त्यांनाच फोन करून विचार. फक्त तिकडच्या संध्याकाळी सात ते साडेसात टाळ, बातम्या चालू असतात. आणि जोरात बोल, डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं.

तुझी,
आई