'बिगारी' हा शब्द बिलात लिहावा का?

ऐरोलीतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव ताईंचा प्रश्न आहे. इमारतीच्या गळतीचं काम झालं, कंत्राटदाराने बिल दिलं आणि त्यात रोजच्या मजुरीपुढे 'मिस्त्री २, बिगारी ३, बाई २' असं लिहिलेलं होतं. सभेत एका सभासदाने हरकत घेतली, की बिगारी म्हणजे फुकट राबणारा गुलाम, आपल्या कागदावर हा शब्द नको. दुसऱ्याचं म्हणणं असं, की तो 'बिगरकुशल'चा अपभ्रंश आहे, त्यात वाईट काही नाही. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: खरी व्युत्पत्ती कोणती, आणि संस्थेच्या वहीत लिहायचं काय?

दुसऱ्या सभासदांचं आधी निकालात काढतो. 'बिगर' आणि 'बिगारी' एका घरचे नव्हेत. 'बिगर' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदीतला 'बगैर' तोच. आपण त्याला उपसर्गासारखं पुढे जोडून बिगरशेती, बिगरमोसमी असे शब्द घडवले. 'बिगारी' निघाला फारसी 'बेगार'पासून. मोबदला न देता करून घेतलेलं काम ते बेगार किंवा बिगार, आणि त्यासाठी धरून नेलेला माणूस तो बिगारी. मुळापुरतं बोलायचं तर पहिल्या सभासदांचं बरोबर आहे.

ही रीत मात्र फारसीबरोबर आली, असं कुणी समजू नये. शब्द नवा आला, रीत फार जुनी. संस्कृतात तिला 'विष्टि' म्हणत, त्याचंच मराठीत 'वेठ' झालं. गिरनारजवळ रुद्रदामन राजाचा शिलालेख आहे, इसवी सन १५० च्या सुमाराचा. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधला, पण त्यासाठी प्रजेवर कर लादला नाही की विष्टि घेतली नाही, असं त्यात मुद्दाम नोंदवलं आहे. राजाला हे दगडावर कोरून ठेवावंसं वाटलं, यावरून एरवी काय चालत असेल ते कळतं. पुढे देशी 'वेठ' आणि फारसी 'बिगार' यांची जोडी जमली आणि 'वेठबिगार' हा शब्द झाला. कागदपत्र, बाजारहाट हे याच घडणीचे शब्द. एकच अर्थ दोन भाषांतून दोनदा सांगायचा.

आपल्या ठाणे जिल्ह्याला हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेले डहाणू, तलासरी हे भाग २०१४ पर्यंत ठाण्यातच होते. तिथे वारल्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीला जावंच लागे. लग्नासाठी कर्ज काढलं तर ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबत, आणि ते क्वचितच फिटे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मराठीतला इतका दुःखाचा सामासिक शब्द मला दुसरा आठवत नाही. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी ही वेठ झुगारली. त्यानंतरही वसई-वाड्याच्या बाजूला वेठबिगार उरलेच होते. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा होऊनही १९८० च्या दशकात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला त्यांची सुटका करावी लागली. आजही भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात घालवतात. ही रीत 'बयाणा' या साध्या शब्दाखाली चालते.

मग नाक्यावरचा बिगारी गुलाम ठरतो का? नाही. शब्दाने मधल्या काळात मोठा पल्ला गाठला आहे. मजुरी रोख मिळू लागली तशी 'बिगारी'तली 'फुकट' ही छटा गळून पडली आणि ओझं वाहणारा, माल कालवणारा, मिस्त्रीच्या हाताखालचा, एवढाच अर्थ राहिला. पुणे महापालिकेत तर 'बिगारी' हे रीतसर पद आहे, पगारी. सकाळी आठच्या सुमाराला आमच्या कळव्यात नाक्यावर उभे राहा. मोटारसायकलवरून आलेला ठेकेदार न उतरताच विचारतो, "दोन बिगारी, एक मिस्त्री, किती रोज?" घमेलं आणि डब्याची पिशवी घेतलेली माणसं पुढे सरकतात. त्यांतल्याच एकाला मी विचारलं, काय काम करता? "बिगारीत आहे. थापी हातात आली की मिस्त्री होणार." त्याच्या बोलण्यात कमीपणा नव्हता. त्याच्या लेखी ती धंद्यातली पहिली पायरी आहे. ज्याचं काम त्याने स्वतः ज्या नावाने सांगितलं, ते नाव आपण बाहेरून पुसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही पहिल्या सभासदांची शंका मी झटकून टाकणार नाही, आणि त्याला कारण सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत मैदानं आणि उड्डाणपूल उभे राहत होते. मजूर जमादारांमार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमांमार्फत, परप्रांतांतून आणलेले. किमान वेतन रोजचं ९ रुपये २५ पैसे. त्यातला १ रुपया माणशी जमादार कापून घेई, आणि बायकांच्या हातावर ७ रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली.

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदात बेगारीला बंदी आहे, आणि घटनेच्या इंग्रजी संहितेतही 'बेगार' हाच शब्द आहे. न्यायालयाला तो इंग्रजीत समजावून सांगावा लागला. त्यासाठी निकालात मोल्सवर्थचा दाखला दिला आहे, म्हणजे १८३१ साली ज्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला ते. सरकारने किंवा सत्ता हाती असलेल्या माणसाने मोबदला न देता करून घेतलेलं काम, हा त्यांनी दिलेला अर्थ. आपल्या भाषेच्या कोशकाराचं नाव देशातल्या मजुरांच्या हक्काच्या निकालात यावं, याचा मला फार आनंद आहे.

न्यायालय तिथे थांबलं नाही. बेगार म्हणजे मुळीच मोबदला नाही, हे खरं, पण अनुच्छेदात 'तत्सम सक्तीचे श्रम' हेही आहेत. किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल तर तो राजीखुशीने राबत नाही, भुकेने त्याला भाग पाडलेलं असतं, आणि भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असा अर्थ न्यायालयाने लावला. तेव्हा बिलातल्या 'बिगारी'च्या पुढचा आकडा किमान वेतनाच्या खाली असेल, तर पहिल्या सभासदांनी सांगितलेला जुना अर्थ कायद्याने जवळजवळ जिवंत होतो.

हे आज जास्त लागू पडतं. ऐरोली, महापे इथल्या काचेच्या इमारतींत सातासमुद्रापारच्या कंपन्यांची कामं चालतात. त्या इमारती बांधताना वर मोठी बांधकाम कंपनी, तिच्याखाली कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, मग मुकादम आणि शेवटी बिगारी, अशी उतरंड असते. प्रत्येक थरावर थोडं कापलं जातं आणि तळाशी कापायला फक्त रोज उरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती. याच संघटनेने १९९९ पासून रास्त मोबदला, सुरक्षितता, सामाजिक संरक्षण आणि आपलं म्हणणं मांडायची मोकळीक, या सगळ्यांना मिळून 'सन्मानाचं काम' म्हणायला सुरुवात केली. यांतलं काय मिळतं ते पाहायचं, तर उतरंडीच्या तळाशी पाहावं लागतं.

जाता जाता, याच कुळातल्या एका वाक्प्रचाराबद्दल. रिक्षावाले, एसटी कर्मचारी किंवा परिचारिका संपावर गेल्या, की दुसऱ्या दिवशी 'प्रवाशांना वेठीस धरले', 'रुग्णांना वेठीस धरले' असे मथळे येतात. हा वापर आता इतका रुळला आहे, की चुकीचा म्हणता येणार नाही. पण वेठीस धरणं म्हणजे जबरदस्तीने काम करून घेणं. संपावर गेलेला माणूस कुणाकडून काम करून घेत नाही, स्वतःचं थांबवतो. खोळंबा झाला, हाल झाले, असं लिहिता येतं, आणि मी तसंच लिहितो.

आता वहीत काय लिहायचं? बिल जसं आहे तसं ठेवा, 'बिगारी' बदलू नका. 'बिगारी कामगार' अशी दुरुस्तीही नको, तो उगाच पाल्हाळ. मात्र काम केल्याचा दाखला कुणी मागितला तर त्यावर 'बांधकाम कामगार' लिहिलेलं पाहून घ्या. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी आधीच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, त्यामुळे असे दाखले गोळा करताना त्याच्या नाकी नऊ येतात. तुमच्याकडे झालेल्या दिवसांचे दाखले कंत्राटदाराकडून न मागता मिळवून द्या.

खरं तर त्या ओळीत मला खटकला तो 'बिगारी' नव्हे, 'बाई' हा शब्द. पुरुषांना कामाचं नाव आहे, बायकांना नाही. घमेलं दोघंही उचलतात. विदर्भात अशा मजूर स्त्रीला 'रेजा' हे कामाचं नाव आहे. आपल्याकडे तसा शब्द नाही, म्हणून 'बिगारी ५' लिहिलं की झालं, मराठीत 'बिगारी' दोघांनाही चालतो. मग कंत्राटदार सांगेल, की तसं एकत्र लिहिता येत नाही, दोघांचा रोज वेगळा आहे. तसं तो म्हणाला तर पैसे देण्याआधी त्याला विचारा, का वेगळा आहे.